वजनाची पाटी

माझं काम एवढंच होतं : आकडा दाखवणं.
चोपन्न हजार पौंड.
रात्री पाटीत बारीक दिवे लागायचे,
मी ती कॉकपिटसमोर उंच धरायचो
आणि आतला माणूस टॉर्चने हवेत एक गोल काढायचा.
गोल म्हणजे बरोबर.
मग तोच आकडा खाली, वाफेच्या माणसांना.
तेवढ्या वजनाला तेवढी वाफ.
मापात पाप नको, एवढंच शिकवलं होतं आम्हाला,
एकोणीस वर्षांच्या पोरांना.
बाकीचं समुद्र शिकवील म्हणाले.

नोव्हेंबर त्र्याहत्तर. फिलिपाईन्सच्या पश्चिमेला कुठेतरी.
डेकवर रॉकेलचा वास, बुटांना ग्रीस,
वारा असा, की शिवी दिली तरी आपल्याच तोंडात परत.
डावीकडे लेफ्टनंट प्रुइट, शेजारी टॅलाफेरो,
ज्याने संध्याकाळी शिडीवर
माझी काडेपेटी मागून घेतली होती
आणि खिशात तशीच राहिली.
प्रुइटने गोल काढला,
जरा घाईतला, अंड्यासारखा.
मी पाटी काखेत मारून बाजूला झालो, वाकलो.

रात्री सलाम दिसत नाही,
म्हणून तयार झालेला वैमानिक दिवे लावतो.
पंखाच्या टोकांना
डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा.

लागले.

आणि धक्का बसला, पण अर्धा.
दोनशे उड्डाणं झाली की
कानाआधी तळपायाला कळतं :
हे उडालं नाही, घरंगळलं.
डेकची कड संपली तिथे ते दिवे
जिन्याची शेवटची पायरी चुकावी तसे
खाली गेले.

चौकशीला तिघे बसले होते, एकाला सर्दी झालेली.
झडप अडकली म्हणाले, मुठीएवढी.
पाटीवरचा आकडा बरोबर होता.
सही करा, हॅन्सगार्ड.
केली.

पुढची अठ्ठेचाळीस वर्षं नेब्रास्कात, धान्याच्या कोठारावर,
ट्रकच्या काट्याशी.
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक.
मका, सोयाबीन, ओल किती, माती किती.
लायलचा काटा कुणाला बुडवत नाही, म्हणतात इकडे.
म्हणोत.
मी प्रत्येक आकडा दोनदा वाचतो
आणि ड्रायव्हरने मान हलवल्याशिवाय
पावती फाडत नाही.

गेल्या मार्चात ती आली, प्रुइटची मुलगी,
ओमाहाहून, भाड्याच्या गाडीने.
तो गेला तेव्हा ही पोटात होती,
आता त्याच्या दुप्पट वयाची.
जाब विचारायला आली असेल म्हणून
झडपेचा कागद मी टेबलावर काढूनच ठेवला होता.
तिने तो हातातही घेतला नाही.
म्हणाली, फोटो आहेत, पत्रं आहेत,
पण फोटोतला माणूस हलत नाही.
त्यांना हलताना शेवटचं तुम्ही पाहिलंत.

मी खणातला टॉर्च काढला.
खिडकीच्या काचेकडे धरून गोल काढला,
जरा घाईतला, अंड्यासारखा.
पुन्हा, म्हणाली.
पुन्हा काढला.
बॅटरी उतरली होती, तरी तिला दिसत होता.

एक गोष्ट मी सांगितली नाही.
त्या रात्री मी कडेच्या जाळीपर्यंत धावलो होतो,
आणि जहाजाच्या अंगालगत, पाण्याच्या आत,
एक हिरवा दिवा मागे मागे जात होता.
लागलेलाच.
मी मोजायला लागलो. ते काही माझं काम नव्हतं.
नऊपर्यंत मोजलं.

जाताना तिची गाडी काट्यावरून गेली,
दुसरा रस्ताच नाही इथून.
क्षणभर थांबली. आकडा आला :
तीन हजार सहाशे साठ.
खिडकीतून तिचा हात बाहेर आला, हलला.
निरोपाचा असेल,
माझी नजरही आता पूर्वीसारखी नाही.
आकडा मी दोनदा वाचला
आणि मान हलवली.